उंबऱ्याशी विचारलेला प्रश्न

1820 साली, म्हणजे शनिवारवाड्यावरचे निशाण उतरल्याला तीन वर्षेही पुरती झाली नव्हती अशा काळात, कंपनी सरकारच्या चाकरीतील टॉमस कोट्स नावाच्या एका डॉक्टराने मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे पुण्याजवळच्या लोणी या गावाची हकीकत वाचून दाखविली. गावची जमीन कशी आहे, कुणब्याच्या घरात भांडीकुंडी कोणती, तो काय खातो, काय नेसतो, आणि सावकाराचे देणे त्याच्या माथ्यावर कितपत आहे, असे साधे पण तोवर कोणा विद्वानाने आस्थेने न विचारलेले प्रश्न मनाशी धरून ती हकीकत लिहिलेली होती. आणि 1823 साली ती छापली गेल्यामुळे एका मराठी खेड्याचे त्या काळचे रूप आज आपल्या हाती राहिले आहे. पुढे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुणे-नगर रस्त्यावरील लोणीकंद हीच कोट्सची लोणी असे धरून त्या गावाचा पुन्हा अभ्यास केला, आणि 1960 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘सव्वाशे वर्षांनंतर’ या अर्थाचे शब्द घातले. एकाच गावाची दोन निरनिराळ्या शतकांत कोणीतरी विचारपूस केली म्हणून काय पालटले आणि काय टिकले हे सांगण्याची सोय झाली. विचारणारा जर आलाच नसता, तर गाव होते तसेच राहिले असते, पण आपल्याला ते कळले नसते.

विचारपूस करून माहिती मिळविणे ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नव्हती. पाहणी, झाडा, जमाबंदी, कैफियत, जबानी हे सारे शब्द दफ्तरखान्यात रुळलेले होते. आणि ज्याला आज आपण जनगणना म्हणतो त्याला आपले आजे-पणजे ‘खानेसुमारी’ म्हणत, कारण फारसीत ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे गणती. परंतु या सगळ्या गणत्यांच्या मागे सरकारचा हेतू उघड होता : सारा किती बसवावयाचा, पट्टी कोणावर टाकावयाची, वतन कोणाचे धरावयाचे. ज्याच्या हाती दौत आणि लेखणी आहे तो माणूस दारी आला म्हणजे त्याच्यामागून वसुली येते, हा धडा रयतेने पिढ्यानुपिढ्या गिरविलेला होता. तेव्हा केवळ जाणून घेण्यासाठी प्रश्न विचारणारा संशोधक जेव्हा प्रथम खेड्यात आला, तेव्हा त्याला मिळालेली उत्तरे ही त्याच्या आधी येऊन गेलेल्या प्रत्येक कारकुनाला दिलेल्या उत्तरांची वारस होती. सर्वेक्षणाचे शास्त्र शिकविणारी पुस्तके नमुना, सरासरी आणि प्रमाणदोष यांपासून आरंभ करतात. मला मात्र या शास्त्राचा आरंभ त्या उंबऱ्यापाशी आहे असे वाटते. कोणताही मोठा आकडा शेवटी कोणाच्या तरी दाराशी झालेल्या दोन माणसांच्या संभाषणातून निघालेला असतो, आणि त्या संभाषणात जे बिघडले ते पुढे कितीही सूक्ष्म गणित केले तरी दुरुस्त होत नाही.

हे संभाषण महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम शास्त्रीय शिस्तीने केले त्यांत डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मूळचे कृषिरसायनज्ञ असलेले मॅन आसामातील चहाच्या मळ्यांवरील संशोधन आटोपून 1907 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल म्हणून आले. पण त्यापूर्वीच त्यांनी विलायतेत बेडफर्डशायरमधील रिजमाँट या एका खेड्याची पाहणी केली होती. ही पाहणी करताना सीबोम राउंट्री यांचा कित्ता त्यांच्यापुढे होता. राउंट्री यांनी यॉर्क शहरातील 11,560 कुटुंबांची घरोघर माहिती मिळवून 1901 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने दारिद्र्य ही गोष्ट दानशूरांच्या कळवळ्याच्या प्रांतातून उचलून मोजमापाच्या प्रांतात आणून ठेवली होती. तीच दृष्टी घेऊन मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले, आणि त्याचा वृत्तान्त 1917 साली छापला. त्यानंतर नारायण विनायक कानिटकर यांच्यासमवेत त्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. तिचा ग्रंथ 1921 चा.

पिंपळे सौदागर आज उंच इमारतींचे आणि रुंद रस्त्यांचे उपनगर झाले आहे. तेथे राहावयास गेलेल्या माणसास आपल्या पायाखालची जमीन भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राची एक जन्मभूमी आहे याची कल्पनाही नसेल. मॅन यांना तेथे आढळले ते असे : 1771 साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र 40 एकर होते, 1818 साली ते साडेसतरा एकरांवर आले, 1820 ते 1840 या काळात 14 वर, आणि 1914-15 मध्ये अवघे 7 एकर उरले. 156 खातेदारांची जमीन 718 तुकड्यांत विखुरली होती, आणि त्यांपैकी 463 तुकडे एकेका एकराहूनही लहान होते. हे झाले कागदोपत्री सापडणारे सत्य. परंतु त्यापुढचा प्रश्न कागद सांगत नव्हता : या जमिनीवर कुटुंबाचे भागते काय? त्यासाठी घरोघर जाऊन मिळकत, खर्च आणि देणे विचारावे लागले. त्यातून निघाले की 103 कुटुंबांपैकी केवळ 8 कुटुंबे निव्वळ आपल्या जमिनीवर नीट उभी होती, 28 कुटुंबे बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे सावरलेली होती, आणि उरलेल्या 67 कुटुंबांचा, म्हणजे शेकडा 65 कुटुंबांचा, मेळ कशानेही बसत नव्हता. जातेगावात, जेथे शहराची मजुरी हाकेच्या अंतरावर नव्हती, तेथे अशा न सावरलेल्या कुटुंबांचे प्रमाण शेकडा 85 निघाले.

शेकडा 65 आणि शेकडा 85 हे दोन आकडे पुढे कितीतरी ग्रंथांतून उद्धृत झाले. पण ते मिळाले कसे, याचा विचार केल्यावाचून त्यांचे मोल कळत नाही. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून ‘आपले वार्षिक उत्पन्न किती?’ असा प्रश्न केला तर काय होईल? ज्या माणसाच्या घरात पगाराचा दिवस नाही, ज्याने पिकविलेल्या ज्वारीचा मोठा भाग घरातच खाल्ला जातो, ज्याने सुताराला, लोहाराला, चांभाराला बलुते म्हणून पेंढ्या दिल्या आणि शेजाऱ्याच्या बैलांचे ऋण इर्जिकीने फेडले, त्याच्या जीवनात ‘वार्षिक उत्पन्न’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. तो खोटे बोलत नसतो. त्याला विचारलेली गोष्टच त्याच्यापाशी नसते. तरीही पाहुण्याला रिकाम्या हाती कसे पाठवावे म्हणून तो काहीतरी आकडा सांगतो, आणि तो आकडा लिहिला गेला की त्याला सत्याची प्रतिष्ठा प्राप्त होते. म्हणून जाणता अन्वेषक उत्पन्न विचारीत नाही. तो विचारतो, माळाच्या वावरात या साली काय पेरले होते, किती पोती झाली, त्यातली घरात किती ठेवली, बाजारात किती नेली, कोणत्या बाजारात, त्या आठवड्यात भाव काय होता, बलुत्यात किती गेले, बियाण्याला किती राखले. वीस लहान प्रश्नांची उत्तरे माणसाला ठाऊक असतात. त्यांची बेरीज करणे हे विचारणाऱ्याचे काम आहे, सांगणाऱ्याचे नव्हे.

ही बेरीज करतानाही जागोजागी अडखळावे लागते. मण, पायली, शेर ही मापे बाजारपेठेगणिक बदलत असत, आणि एका पेठेतील पायली दुसऱ्या पेठेत भरेलच अशी खात्री नसे. जमीन कागदावर एकर-गुंठ्यांत असली तरी बोलण्यात ती बिघ्यांत किंवा ‘चार माणसांच्या खुरपणीची’ असे. वर्षाची गोष्ट तर याहून अवघड. ‘गेल्या वर्षी’ म्हणजे कोणते वर्ष? शेतकऱ्याचे वर्ष मृगाबरोबर उघडते, सरकारी महसुली वर्ष 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपते, व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीला बदलतात, आणि पंचांगाचे वर्ष पाडव्याला. प्रश्नावली तयार करणाऱ्याने हे ठरवून आणि बोलून दाखविले नाही, तर एकाच गावातील दोन शेजारी दोन निरनिराळ्या वर्षांची उत्तरे देतील आणि दोघेही खरे बोलत असतील.

वयाच्या बाबतीत हा घोटाळा अधिकच स्पष्ट दिसतो. आपल्या देशाच्या जनगणनांत वयांचे कोष्टक मांडले की तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस या वयांपाशी माणसांची एकदम दाटी होते आणि एकतीस-बत्तीसपाशी शुकशुकाट. या दाटीचे मोजमाप करण्यासाठी लोकसंख्याशास्त्रज्ञ व्हिपलचा निर्देशांक वापरतात. सर्व वये बिनचूक सांगितली गेली तर तो 100 येतो, आणि सर्वांनीच शून्य किंवा पाच या अंकांनी संपणारी वये सांगितली तर 500. पण हा दोष अज्ञानाचा म्हणून सोडून देण्याऐवजी अन्वेषकांनी त्यावर जो उपाय काढला तो मला या सबंध शास्त्रातील अत्यंत मनुष्यधर्मी उपाय वाटतो. त्यांनी वय विचारणे थांबविले आणि आठवण विचारावयास आरंभ केला. पहिल्या प्लेगाच्या वेळी आपण किती मोठ्या होतात, इन्फ्लुएंझाची साथ आली त्या साली आपले लग्न झाले होते का, पानशेत फुटले तेव्हा थोरला मुलगा पाळण्यात होता की शाळेत, कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री धाकटा झालेला होता का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास आपण गेला होता का. 1896, 1918, 1961, 1967, 1972 ही साले ज्या आजीला उच्चारताही येणार नाहीत, तिच्या मनात ती साले मरण, पाणी, हादरा आणि उपासमार यांच्या रूपाने पक्की कोरलेली असतात. आणि तिला तिच्याच पंचांगातून विचारले की ती अचूक उत्तर देते.

देण्याघेण्याचा प्रश्न याहून नाजूक. ‘आपल्यावर कर्ज आहे काय?’ असे विचारले की बहुधा ‘नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा प्रामाणिक असते, कारण त्या घरात ‘कर्ज’ हा शब्द सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदावर अंगठा केलेल्या रकमेपुरताच राखलेला असतो. दुकानदाराकडची उधारी हे कर्ज नव्हे, ती खातेवही. मेहुण्याकडून आणलेले पैसे हे कर्ज नव्हे, ते हातउसने. आणि सराफाकडे ठेवलेली पाटली तर केवळ ‘ठेवलेली’ असते. या प्रत्येक प्रकाराचे नाव घेऊन वेगळे विचारले म्हणजेच खरा बोजा उघडा पडतो. येथे शब्दांच्या निवडीविषयी आणखी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. ‘आपणास बियाणे व खत वेळेवर मिळते काय?’ हा एक प्रश्न नसून दोन प्रश्न आहेत, आणि बियाणे मिळून खत न मिळालेल्या माणसाने त्याचे उत्तर कसे द्यावे हे प्रश्न करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तसेच ‘हुंडा ही दुष्ट चाल आहे असे आपणास वाटते ना?’ या प्रश्नातला ‘ना’ हा एवढासा निपात सबंध उत्तर आधीच लिहून टाकतो. शहरातील टेबलाशी बसून रचलेली प्रश्नावली प्रत्यक्ष पाहणीपूर्वी दहापाच घरांत वापरून पाहावी असा जो नियम आहे, तो अशाच शब्दांची खोड काढण्यासाठी आहे. आणि जो तो कंटाळून टाळतो त्याचे पुढचे श्रम वाया जाण्याचा धोका असतो.

शास्त्रकार येथे एक भेद करतात. उत्तर देणाऱ्याने स्वतः वाचून भरावयाची ती प्रश्नावली, आणि अन्वेषकाने विचारून स्वतः भरावयाची ती अनुसूची. टपालाने पाठविलेली प्रश्नावली स्वस्त पडते, माणसाला एकांतात विचार करू देते आणि लाजेच्या गोष्टी लिहावयास मोकळीक देते. पण ती ज्याला लिहिता येते, ज्याला सवड आहे आणि ज्याला त्या विषयात गोडी किंवा राग आहे त्याच्याकडूनच परत येते. जे परत आले नाहीत त्यांचे मत परत आलेल्यांसारखेच असेल असे मानण्यास कोणताच आधार नसतो. अनुसूचीत माणूस समोर असतो, म्हणून अर्थ समजावून सांगता येतो. पण माणूस समोर असतो म्हणूनच त्याची जात, त्याचे कपडे, त्याची पुणेरी बोली आणि तो कोणाच्या घरी उतरला आहे हे सर्व उत्तरात उतरते. पाटलाच्या वाड्यात मुक्काम ठोकून चावडीवर बोलावून घेतलेल्या भूमिहीन मजुराने मजुरीच्या दराविषयी जे सांगितले, ते त्याच्या वस्तीत जाऊन त्याच्या खाटल्यावर बसून विचारले असता तसेच सांगितले असते काय? पूर्वीच्या अनेक ग्रामपाहण्यांचे अहवाल वाचताना अन्वेषक कोठे बसला होता याचा शोध घेण्याची मला सवय लागली आहे. आणि ते न सांगणाऱ्या अहवालावर मी पुरता विश्वास टाकू शकत नाही.

आणि उत्तर कोणी दिले? बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाने. ‘बाई काय करतात?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर इतक्या सहजतेने येते की लिहिणाऱ्याचा हात क्षणभरही थबकत नाही. आणि पहाटे धार काढणारी, दिवसभर भांगलणी करणारी, संध्याकाळी वैरण आणणारी स्त्री ‘काम न करणारी’ या रकान्यात जाऊन बसते. पुष्कळदा ती स्वतःही हेच उत्तर देते, कारण ज्या कामाचा पैसा मिळत नाही त्याला काम म्हणण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नसतो. 1991 च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नातच घरच्या शेतावरील किंवा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे काम धरून, असे शब्द मुद्दाम घालण्यात आले, ते याच कारणाने. एका कंसातल्या चार शब्दांवर कोट्यवधी स्त्रियांची देशाच्या हिशेबातील जागा अवलंबून असावी, ही गोष्ट मला प्रश्नरचनेच्या साऱ्या विवेचनाहून अधिक बोलकी वाटते.

येथवर एका घराचा विचार झाला. परंतु घरे लाखो, आणि अन्वेषक थोडे. शितावरून भाताची परीक्षा करावी हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तथापि भात उकळीने ढवळलेला असतो आणि गाव ढवळलेले नसते. गावात वेस, आळ्या, वाडे आणि ओढ्यापलीकडची वस्ती अशी प्रत्येकाची ठिकाणे ठरलेली असतात, आणि रस्त्यालगतच्या, पक्क्या भिंतींच्या, चहा विचारणाऱ्या घरांकडे परक्या माणसाची पावले आपोआप वळतात. म्हणून निवड अन्वेषकाच्या हाती न ठेवता ती यदृच्छेच्या, म्हणजे शास्त्रोक्त चिठ्ठीच्या हाती दिली पाहिजे, ज्यायोगे प्रत्येक घराला निवडले जाण्याची ज्ञात संधी मिळेल. ‘दिसेल ते घर घेतले’ म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे. आणि निवडलेल्या घराला कुलूप दिसले म्हणून शेजारचे उघडे घर घेणे हीही नव्हे, कारण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे दार बंद असते आणि गावात राहणाऱ्याचे उघडे, एवढ्यानेच पाहणीतून स्थलांतर नाहीसे होते. ज्या यादीतून चिठ्ठी काढावयाची ती यादीही तपासून घ्यावी लागते. सातबाऱ्यावरून नमुना काढला तर ज्याला गुंठाभरही जमीन नाही तो पहिल्याच पायरीवर गळतो, आणि मग गावातील दारिद्र्याविषयी काढलेला निष्कर्ष सर्वांत दरिद्री माणसाला वगळून काढलेला असतो.

नमुना केवढा असावा याविषयी मात्र सामान्य समजूत चुकीची आहे. मोठ्या जनसमूहाच्या बाबतीत अचूकपणा हा समूहाच्या किती टक्के लोकांना विचारले यावर नव्हे, तर एकूण किती लोकांना विचारले यावर अवलंबून असतो. शुद्ध यादृच्छिक रीतीने 400 लोकांना विचारले तर एखाद्या प्रमाणाचा अंदाज बहुधा पाच टक्क्यांच्या आतबाहेर सापडतो. ही चूक निम्मी करावयाची तर 800 नव्हे, 1600 लोकांना विचारावे लागते. तालुक्यासाठी जेवढा नमुना पुरतो, साधारण तेवढाच देशासाठीही पुरतो, हे प्रथम ऐकणाऱ्यास पटत नाही, पण ते गणिताने सिद्ध आहे.

हे गणित आपल्या देशात शेतांच्या बांधांवर उतरविण्याचे श्रेय प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे. 1931 साली कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्या महालनोबीसांनी बंगालमधील तागाच्या क्षेत्राचा अंदाज नमुना पद्धतीने घ्यावयास 1937 पासून आरंभ केला. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र तुकड्यांनी दोन स्वतंत्र नमुने घ्यावेत, आणि दोघांच्या उत्तरांत जो फरक पडेल तो पाहणीच्या विश्वासार्हतेचे माप म्हणून उघडपणे मांडावा, ही त्यांची योजना. तिच्यात माझ्या मते गणिताइतकीच नीतीही आहे. आपल्या चुकीचा पुरावा आपणच आधी गोळा करून ठेवण्यास मनाची मोठी सरळता लागते. सरसकट प्रत्येक शेत मोजून केलेल्या गणतीपेक्षा हा लहान नमुना व्यापारी आकड्यांशी अधिक जुळला, आणि खर्चही कितीतरी कमी झाला. कारण मोजणारे थोडे असले की त्यांना शिकविता येते आणि त्यांच्यावर लक्षही ठेवता येते.

याच सुमारास एका मराठी शास्त्रज्ञाने पिकाच्या अंदाजाचा प्रश्न हाती घेतला होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्याकडे पीक मोजण्याची जुनी रीत आणेवारीची. सोळा आण्यांपैकी यंदाचे पीक किती आणे, हे गावकामगार नजरेने ठरवीत, आणि त्या नजरेवर सारामाफी अवलंबून असल्यामुळे ती नजर कोणत्या बाजूस झुकेल हे सांगावयास नको. तिच्या जागी सुखात्मे यांनी यदृच्छेने निवडलेल्या शेतात, यदृच्छेने निवडलेल्या जागी ठराविक मापाचा तुकडा आखून, पीक कापून, मळून, तोलण्याची रीत रुजविली. तुकडा केवढा घ्यावा यावरून त्यांचा आणि महालनोबीसांचा मोठा वाद झाला. लहान तुकडा सोयीचा, हे खरे. परंतु सीमारेषेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी त्याची कड मोठी पडून उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. येथे कोणी बोललेले नाही, कोणाला प्रश्न केलेला नाही, समोर केवळ मुके पीक उभे आहे. तरीही मनुष्याच्या हाताचा कल मापात शिरला. मग जेथे दोन माणसे एकमेकांशी बोलत आहेत तेथे तो किती शिरत असेल!

1950 च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली आणि 1951 च्या मार्चपर्यंत 1,833 खेड्यांत अन्वेषक हिंडले. जिच्या हिशेबासाठी हे आकडे हवे होते त्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष महालनोबीस, आणि सभासदांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. ज्यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करवून तिचे दोन खंड 1945 आणि 1952 साली प्रसिद्ध केले, त्या गाडगीळांना आकड्यांमागची माणसे ठाऊक होती. नमुना पाहणीपुढे लवकरच एक प्रश्न उभा राहिला, जो वरवर किरकोळ दिसतो : घरात किती धान्य, तेल, गूळ खर्च झाला, हे गेल्या आठवड्याचे विचारावे की गेल्या महिन्याचे? महिन्याचे विचारले तर माणूस विसरतो. आठवड्याचे विचारले तर आठवड्याच्या थोड्या आधी झालेली खरेदीही आठवड्यातच ओढून आणतो. दोन्ही प्रकारे विचारून पाहता आठवड्याच्या हिशेबाने खर्च अधिक दिसला. आणि प्रत्यक्ष तोलून पाहिलेल्या खर्चाशी महिन्याचे उत्तर जास्त जुळले, म्हणून महिना ठरला. जवळजवळ अर्धशतक हीच रीत चालली. मग 1999-2000 च्या पंचावन्नाव्या फेरीत अन्नपदार्थांसाठी एकाच घराला, एकाच कागदावर, सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी विचारण्यात आले. उत्तर देणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही एक उत्तर दुसऱ्याशी जुळवून घेतले असावे, असा रास्त संशय निर्माण झाला, आणि देशातील गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. कोट्यवधी माणसे दारिद्र्यरेषेच्या वर गेली की नाही, हे छापील कागदावरच्या दोन रकान्यांच्या शेजारामुळे सांगता येईनासे झाले.

आता उरते ती सांगणाऱ्याच्या अपेक्षेची गोष्ट. कोयना धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्या लोकांची पाहणी इरावती कर्वे आणि त्यांच्या कन्या जाई निंबकर यांनी केली, आणि ती 1969 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. जमीन, देवस्थान, भाऊबंद आणि शेजार हे सारे मोडून निरनिराळ्या ठिकाणी वसविलेल्या माणसांना प्रश्न विचारावयास जाणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. अशा माणसाच्या दृष्टीने दारी आलेली प्रत्येक वही म्हणजे एक अर्ज असतो. आपण सांगितलेले कोणीतरी वर पोहोचवील, राहिलेला मोबदला मिळेल, पाण्याची सोय होईल, या आशेने तो बोलतो. आणि अन्वेषकाच्या हाती देण्यासारखे काहीच नसते. हे आरंभीच स्पष्ट सांगितले नाही तर ती फसवणूक होते, आणि स्पष्ट सांगितले तर कित्येकदा दार बंद होते. जे सांगितले ते सांगणाऱ्याच्या विरुद्ध वापरले जाणार नाही, एवढे अभय तरी देता आले पाहिजे. 1948 च्या जनगणना कायद्याने ते जनगणनेपुरते दिले आहे, तिची पत्रके कोणाला पाहता येत नाहीत आणि पुराव्यातही घेतली जात नाहीत. खासगी संशोधकाचे अभय मात्र त्याच्या शब्दावरच असते, आणि मिळालेल्या कागदावरून नाव वेगळे काढून ठेवण्याचा आळस त्याने केला तर तो शब्द त्याने मोडला असे समजावे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या भरलेल्या पत्रकात एक रकाना असा असतो की जो माहिती देणाऱ्याला कधी वाचून दाखविला जात नाही. माहिती देणारा सहकार्य करणारा आणि सांगण्यास समर्थ होता, की सहकार्य करणारा पण असमर्थ, की कामाच्या गडबडीत, की नाखूष, हे तेथे एका अंकाने नोंदवावयाचे असते. आणि शेवटी अन्वेषकाच्या शेऱ्यासाठी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. एखाद्या अन्वेषकाने ती भरली तर तेथे काय लिहिले जाऊ शकते, याचा मी पुष्कळदा विचार करतो : सासू जवळ बसली होती म्हणून सूनबाई बोलल्या नाहीत, कर्जाचे विचारल्यावर यजमान उठून गेले, धान्याचा अंदाज पत्नीने दुरुस्त केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्यावर खरे सांगितले. कोष्टकांत या ओळी जात नाहीत, छापील अहवालात त्यांना स्थान नसते, आणि पुष्कळ पत्रकांवर ती जागा कोरीच राहते. जातेगावच्या एखाद्या घरापुढे असा शेरा कानिटकरांनी लिहिला असेल आणि तो कागद कोठे सुरक्षित असेल, तर शेकडा 85 हा आकडा वाचण्यापूर्वी मी तो मागून घेईन.